हलकी खोळ

हैदराबादच्या एका दुकानदारानं मला एकदा ऐन एप्रिलमध्ये बर्फातली स्लीपिंग बॅग विकली. ही गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, बसमध्ये, कुठेही सांगितली की लोक हसतात. ‘साब, माइनस पाँच तक चलेगी,’ असं तो म्हणाला, इथे मी थांबतो. आदिलाबादला माइनस! आमच्याकडे एप्रिलमध्ये पहाटे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. लोक पोट धरून हसतात आणि गोष्ट तिथे संपते. मी ती तिथे संपवतो.

आज संपवणार नाही. त्या दुकानदारावरचा राग हा स्वस्तातला राग आहे. तो करायला काहीच लागत नाही. खरा राग ज्यांच्यावर करायचा त्यांच्या घरी मी पुढेही दिवाळीला जात राहिलो. आणि त्या रागातला निम्मा माझ्यावरच करायचा आहे, तो मी इतकी वर्षं पुढे ढकलला.

तेव्हा राज्य आंध्र प्रदेश होतं. मी मंडल कचेरीत कारकून होतो, पहाणीचे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे, उतारे काढून द्यायचो. आमचे सर कॉलेजात शिकवायचे. त्यांचं घराणं आमच्यासारखंच, कधीकाळी नोकरीनिमित्त मराठवाड्यातून इकडे येऊन स्थिरावलेलं. सरांनी कुठल्याशा मासिकात लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांबद्दल वाचलं आणि ठरवलं, शाळा-कॉलेजांना सुट्टी लागली की आदिलाबादहून वांकिडीपर्यंत रानातून पायी जायचं. नऊ दिवस. पहाटे चारला निघायचं, ऊन चढलं की शाळेच्या व्हरांड्यात पडायचं, संध्याकाळी पुन्हा दोन तास. चौघं जण ठरलो. सर, त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक तेलुगू गृहस्थ, मी आणि माझा दोस्त.

दोस्त म्हणजे बी.ए.पासूनचा. प्राथमिक शाळेत गुरुजी. घर बौद्ध. त्याची आई, जिला मी मावशी म्हणायचो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत आली आणि त्यातून तिनं मुलाला शिकवलं. मी त्यांच्या घरी चहा प्यायचो, भाकर खायचो. आणि हे मी इतरांना सांगायचोही. आता लिहिताना हे दुसरं वाक्य जास्त लाजिरवाणं वाटतं. चहा कोण कुणाकडे पितो, हे सांगायची गरज कुणाला पडते?

सरांचा नियम होता, पाठीवरचं ओझं आठ किलोच्या वर नको. आणि व्हरांड्यांत विंचू असतात, म्हणून प्रत्येकाकडे चहूबाजूंनी बंद होणारं अंथरूण हवं. माझ्याकडे ती हैदराबादची होती. नुसतीच तीन किलो. आत कसलासा कापूस ठासून भरलेला, बाहेर निळं चकचकीत कापड, आणि चेन अर्ध्यावर अडकायची. मी घरी एकदा तीत झोपून पाहिलं. दहा मिनिटांत उकडून निघालो, बाहेर यायला लागलो तर चेन उघडेना. बायकोनं खांदे धरून ओढलं.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती हसून लोटपोट झाली.

‘अरे बाबू, गादीच्या पोटात घुसला का तू?’

मग तिनं ती बॅग मागवून घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. जमिनीवर पसरून त्यावर गुडघा टेकला.

‘पाह्य. खाली दबला का सारा कापूस सपाट होते. म्हंजे खालचं वजन फुकट. आन् वरचं तं तुले पाहिजेच नाही, उन्हाळा हाय. जमीन पाठीले टोचते, पोटाले टोचते का? खाली जाड पाहिजे, वर पातळ. ज्यानं हे शिवलं तो कधी भुईवर झोपला नसन.’

इतकं सरळ शहाणपण त्या दुकानात कुणाकडे नव्हतं. सरांच्या मासिकातही नव्हतं.

‘मावशी, मग तूच शिव ना. याला एक आणि मला एक.’

मी मागितली. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःला समजावलं की तिनंच आग्रहानं दिली. नाही. मी तोंडानं मागितली.

तिनं तीन-चार दुपारी घालवल्या. खालच्या बाजूला जुन्या लुगड्यांचे चार पदर, गोधडीसारखे बारीक धावदोऱ्यानं शिवलेले. वर एकच पदर. दोन्ही टोकांना नाडी, म्हणजे गरम झालं की पाय बाहेर काढता यावेत. तोंडापाशी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. तिला ती स्लीपिंग बॅग वगैरे म्हणेना. खोळ म्हणायची. उशीची असते तशी, माणसाची खोळ. माझ्या खोळीचा वरचा पदर पांढरा होता.

‘हे माह्यं नागपूरचं लुगडं हाय,’ ती म्हणाली. दसऱ्याला ती दरवर्षी नागपूरला जायची, तेव्हा नेसायचं ते. ‘आता विरलं. पण अंगाले गार लागते.’

आणि तोंडाशी तिनं लाल दोऱ्याचे चार कच्चे टाके घालून खोळ बंद केली.

‘हे काय?’

‘पयल्या रात्री झोपाच्या टायमाले तोडजो. लुगडं जुनं हाय, पण खोळ नवी हाय ना बापा. तुयाआधी तिच्यात कोणी झोपलं नाही, याची ही खूण.’

ती कुणालाही गोधडी देताना असंच करायची. टाके घालून द्यायची, तोडायचे घेणाऱ्यानं.

निघायच्या आदल्या सकाळी सरांच्या घरच्या व्हरांड्यात सामान मोजायचं ठरलं. झोपाळ्याच्या कडीला त्यांनी ताणकाटा अडकवला होता, भाजीवाल्यांकडे असतो तसला. मी मुद्दाम दोन्ही घेऊन गेलो, तीन किलोची बॅग आणि खोळ. आधी बॅग टांगायची, मग खोळ, आणि सगळ्यांना थक्क करायचं, असा माझा बेत होता. खोळ पिशवीच्या तळाशी होती.

आधी तेलुगू गृहस्थांचं सामान झालं. मग दोस्ताची पाळी. त्यानं खोळ काढून काट्याला लावली. काटा जेमतेम हलला.

‘आठशे ग्रॅम!’ सर ओरडले. त्यांना खरंच आनंद झाला होता. ‘वा गुरुजी! कुठून आणली?’

‘घरी शिवली. आईनं.’

सरांनी काट्यावरची खोळ हातात घेतली. कापड दोन बोटांत धरून चोळलं. ‘कापड कसलं आहे?’

‘आईची लुगडी हायेत सर. जुनी.’

सरांची बोटं थांबली. त्यांनी खोळ परत आकड्याला अडकवली, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. घाईनं नाही, अगदी सावकाश. आणि मग हसत हसत म्हणाले,

‘गुरुजी, हलकं आणा म्हटलं होतं मी. इतकं हलकं नव्हतं म्हटलं.’

वाचणाऱ्याला मराठी येते, त्यामुळे मला फोड करून सांगायला नको. सामान हलकं असतं आणि आपल्या भाषेत माणसंही हलकी असतात. या एका शब्दाचा मला अजून संताप येतो. ज्या भाषेत वजनाचा शब्द आणि माणसाची पायरी सांगायचा शब्द एकच ठेवला, त्या भाषेत शिकलेला माणूस नुसतं किलो-ग्रॅम बोलल्याचा आव आणून कुणालाही चाबूक मारू शकतो. कुणी हरकत घेतली तर म्हणायचं, अहो, मी तर वजनाबद्दल बोलत होतो! आणि पुसलेली बोटं? ती घामानं ओली होती!

तेलुगू गृहस्थांना तो शब्दाचा खेळ कळला नाही. ‘एमिटि सार?’ असं त्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही. म्हणजे हसणारे दोघंच होते. सर आणि मी.

हो. मी हसलो. मोठ्यानं नाही, नाकातून. एका श्वासाएवढं. पण व्हरांडा लहान होता.

दोस्त हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं खोळ काढून घेतली, चार घड्या केल्या, पिशवीत ठेवली आणि सरांच्या हातातल्या वहीकडे बोट करून म्हणाला, ‘लिहा सर. आठशे ग्रॅम.’

मग माझी पाळी. माझा हात पिशवीत गेला. तळाशी खोळ हाताला लागली, ती जाळी बोटांत अडकली सुद्धा. मी ती सोडवली आणि वरची निळी बॅग बाहेर काढली. आकड्याला लावल्याबरोबर काटा करकरत खाली आला.

‘चाला बरुवु!’ तेलुगू गृहस्थ म्हणाले. फार जड आहे. तेलुगूत ‘चाला’ म्हणजे फार. आम्ही मराठी लोक त्यावर नेहमी विनोद करायचो, की गारू, म्हणजे साहेब, चालतोच आहोत, अजून किती चालू. त्या दिवशी मी तोही केला.

आणि सर, ज्यांनी आठ किलोचा नियम केला होता, ते काय म्हणाले? ‘असू दे, असू दे. याला म्हणतात वस्तू. दर्जा आहे.’ माझं ओझं दहा किलोच्या वर गेलं आणि वहीत नियमानं बसलं. दोस्त माझ्या पिशवीकडे पाहत होता. खोळ त्यात आहे हे त्याला ठाऊक होतं. आम्ही दोघं त्याच्या घरूनच बरोबर निघालो होतो.

संध्याकाळी मी खोळ घरी ट्रंकेत ठेवली. लाल टाक्यांसकट.

त्या नऊ दिवसांबद्दल फार लिहीत नाही. मी बॅगेत एकदाही झोपलो नाही, झोपणं शक्यच नव्हतं. ती खाली टाकून वर उघडा पडायचो आणि मच्छर मारायचो. शेजारी दोस्त जाळीच्या आत घोरायचा. तिसऱ्या दिवशी इंद्रवेल्लीला, पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या गोंड आदिवासींचा स्तंभ दिसला तिथे सर थांबले, चपला काढल्या आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर दहा मिनिटं बोलले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते ढोंग नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. ढोंगी असते तर सोपं होतं. त्यांना खरंच रडू आलं, आणि त्याच माणसानं तीन दिवसांपूर्वी रुमालानं बोटं पुसली होती. मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिलो. दोस्त थोडा पुढे जाऊन पाण्याच्या बाटल्या भरत होता.

केरामेरीच्या घाटापर्यंत पट्ट्यानं माझा खांदा सोलून निघाला. मी मागे पडलो. दोस्त वळून परत आला.

‘आण इकडं बे.’

‘राहू दे. घेतो मी.’

‘काय घेतो! शर्ट रक्तानं भरला. आण म्हन्लं ना.’

आणि मी दिली. ज्या बॅगेसाठी मी त्याच्या आईची खोळ लपवली, ती तीन किलोची बॅग त्यानं डोक्यावर घेऊन घाटातून नेली. वाटेत एकदाच म्हणाला, ‘लय दर्जा हाय बे याच्यात.’ दुसरं काही नाही. यावर मी हसलो नाही. तिथे हसणं बरोबर ठरलं असतं, पण तेव्हा जमलं नाही.

परत आल्यावर मावशीकडे गेलो. तिच्याकडे गेलं की पहिला शब्द ‘बस’. मग पाणी, मग चहा.

‘कशी होती खोळ? झोप लागली का?’

‘मस्त मावशी. गार झोप लागली.’

दोस्त बशीतला चहा फुंकत होता. तो फुंकतच राहिला.

‘आणून देजो. धुऊन देतो. घामानं कापड कुजते.’

आता पुढचं लिहायचं टाळावंसं वाटतं. पण याच्यासाठीच लिहायला बसलो. मी घरी आलो, ट्रंकेतून ती घडीही न मोडलेली खोळ काढली, आणि अंगणातल्या तुळशीच्या कुंडीतली माती घेऊन तिला फासली. दोन्ही बाजूंनी. पायाखाली घेऊन चुरगाळली. तिचं ते नागपूरचं पांढरं लुगडं. बायकोनं विचारलं काय करताय, तर म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी घडी करून मावशीला नेऊन दिली. मोठं काम उरकल्यासारखं वाटलं.

आठ दिवसांनी तिनं परत दिली. धुतलेली, नीळ दिलेली, इस्त्री केलेली. घरी येऊन ट्रंकेत ठेवताना मला दिसलं. तोंडाचे चारही लाल टाके जागच्या जागी होते.

माती फासताना मला त्यांची आठवणच राहिली नव्हती. नऊ रात्री वापरलेली खोळ, आणि तोंड शिवलेलं.

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मी निर्मलला गेलो तेव्हा तिच्यासाठी तिथली रंगवलेली लाकडी डबी घेऊन आलो. तिनं ती घेतली आणि सुई-दोरे ठेवायला वापरली. वर्षं गेली. राज्य बदललं, आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, सर वारले. त्यांच्या शोकसभेत मी पाच मिनिटं बोललो. चांगलं बोललो.

मागच्या महिन्यात मावशीकडे बसलो होतो. तिला आता कमी दिसतं, सुईत दोरा जात नाही. दोस्ताची मुलगी कॉलेजात आहे, उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर सातपुड्यात आठ दिवस चालायला जायचं म्हणत होती. मोबाईलवर हलक्या स्लीपिंग बॅगा बघत बसली होती आणि एकेकीचं वजन आजीला वाचून दाखवत होती.

मावशी ऐकत राहिली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, ‘तुयापाशी एक हाय ना? वापरली नसशीन तं आणून दे.’

मी दुसऱ्या सकाळी नेऊन दिली. दारातच उभ्यानं म्हणालो, ‘मावशी, मी ही वापरली नव्हती.’

‘मालूम हाय.’

‘माती मी...’

‘ते बी मालूम हाय. चालणाऱ्याच्या कापडाले मानेपाशी घामाचा वास येते. तुया खोळीले शेणखताचा येत होता.’

‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’

‘मी काऊन बोलू?’ तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ‘बोलाचं तुले होतं! दोरा तसाच ठेवून धुतली, तसाच ठेवून इस्त्री केली. तुले दिसावा म्हणून. मले वाटलं, दुसऱ्या दिवशी येशीन. मंग वाटलं, हप्त्यानं येशीन. तू तं वीस वर्षं चहा पिऊन गेला रे!’

‘माय, जाऊ दे ना,’ दोस्त आतून म्हणाला.

‘काऊन जाऊ दे? माह्या लुगड्याले माती फासली यानं. कामाची माती असती तं मी हासत धुतली असती.’

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. तिनं खोळ उलगडली, टाक्यांवरून बोट फिरवलं. ‘काका, ही तर नवीच आहे. तुम्ही का नाही वापरली?’

मी मावशीकडे पाहिलं.

‘सांग तिले,’ ती म्हणाली.

मी सांगितलं. ताणकाटा, आठशे ग्रॅम, रुमाल, सरांचं वाक्य, आणि मी हसलो ते. ही गोष्ट मी पहिल्यांदाच तोंडानं शेवटपर्यंत सांगत होतो. ती नीट ऐकत होती. पण ती इंग्रजी शाळेत शिकलेली, तिची मराठी घरातली.

‘पण त्यात हसण्यासारखं काय होतं?’ ती म्हणाली. ‘हलकं म्हणजे लाइटच ना?’

  ते मलाच सांगावं लागलं. त्या व्हरांड्यात त्या शब्दाचा अर्थ काय होता, तो कुणाला उद्देशून होता, आणि तो कळलेला असूनच मी हसलो, हे मी तिच्या आजीसमोर, तिला समजेल अशा साध्या शब्दांत सांगितलं. 

 मग मुलीनं निर्मलच्या डबीतली कात्री घेतली आणि टाके कापले. एक, दोन, तीन, चार. आत हात घालून पाहिला.

‘पायाकडून बी उघडते,’ मावशी तिला सांगू लागली. ‘गरमी झाली का पाय बाहेर काढजो. नाडी गच्च नको बांधू.’

दोघी खोळीवर वाकल्या होत्या. मला बस म्हणायचं राहून गेलं, की म्हणायचंच नव्हतं, ते मला कळलं नाही. मी उभाच राहिलो.